केस सुटली म्हटलं की आपलं भागतं

२१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने २००६ च्या लोकल बाँबस्फोटांच्या खटल्यातल्या सगळ्या १२ जणांना निर्दोष ठरवलं. त्यानंतर आठवडाभर टीव्हीवर, ट्रेनमध्ये, फॅमिली ग्रुपवर जे काही चाललं होतं ते मी लक्ष देऊन ऐकत होते आणि एक साधा प्रश्न मला फार म्हणजे फारच कमी ठिकाणी ऐकू आला. मग बाँब ठेवले कुणी? सुटलेल्यांचं स्वागत झालं, सुटलेल्यांना शिव्याही पडल्या, जजवर राग निघाला, पोलिसांवर राग निघाला, सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं, २४ जुलैला तिथून आदेश आला की हा निकाल मोक्काच्या, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्याच्या, बाकीच्या केसेसमध्ये दाखला म्हणून धरू नका पण सुटलेल्यांनी परत जेलमध्ये जायची गरज नाही. म्हणजे शेवटचा शब्द अजून सुप्रीम कोर्टाचा यायचाय हे मला मान्य आहे. पण हायकोर्ट बरोबर असेल तर ज्यांनी सात डब्यांत बाँब ठेवले ते लोक १९ वर्षं बाहेर होते आणि आपल्याला मात्र वाटत होतं की ते आत आहेत. या गोष्टीची भीती कुणालाच का वाटली नाही, हा माझा प्रश्न आहे.

हायकोर्टाने निकालाच्या सुरुवातीलाच जे म्हटलंय ते प्रत्येकाने एकदा वाचावं असं आहे. शब्द माझे आहेत, अर्थ त्यांचा. खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा होणं हे गुन्हे थांबवायच्या दिशेने ठोस पाऊल असतं, पण कुणाला तरी उभं करून केस सुटल्याचा देखावा केला तर समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका बाहेर मोकळाच राहतो. खोटा दिलासा. मला जे म्हणायचंय ते सगळं या दोन शब्दांत आलंय, पण त्यात थोडं खोल जाऊया, कारण हा दिलासा फक्त पोलीस देतात असं नाहीये, तो आपण मागतो, रस्त्यावर उतरून मागतो आणि मिळाला की घरी जातो.

११ जुलै २००६ आठवा. मंगळवार, संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून ६:३५ पर्यंत, ११ मिनिटांत सात स्फोट, चर्चगेटहून निघालेल्या गाड्यांचे फर्स्ट क्लासचे डबे, माटुंगा रोडपासून पार मिरा रोड-भाईंदरपर्यंत. १८० च्या वर माणसं गेली, ८०० च्या वर जखमी. जखमींपैकी एक तरुण मुलगा नऊ वर्षं कोमात राहून २०१५ साली गेला. दुसऱ्या दिवशी गाड्या चालू झाल्या, लोक कामावर गेले, आणि मुंबईच्या स्पिरिटचं कौतुक सुरू झालं. (त्या स्पिरिटबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ज्याला रोजच्या हजेरीवर पगार आहे त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता, त्याला शूर म्हणून त्याच्या लाचारीवर पांघरूण घालू नका.) मग शेकडो लोकांना चौकशीसाठी उचललं, वस्त्यांमध्ये कोंबिंग झालं, आणि सप्टेंबर संपता संपता पोलीस आयुक्तांनी जाहीर केलं की केस सुटली. अडीच महिन्यांत. शहराने श्वास सोडला, आणि मी त्या श्वासाला दोष देत नाही, रोज त्याच डब्यात चढायचंय म्हटल्यावर कुणीतरी पकडलं गेलंय हे ऐकायला कान आसुसलेले असतातच.

पण त्या अडीच महिन्यांनंतर प्रश्न विचारायचं आपण बंद केलं. २००८ मध्ये मुंबईच्याच क्राइम ब्रँचने दुसऱ्या एका गटातली माणसं पकडली आणि त्यांच्या चौकशीतून लोकलच्या स्फोटांची वेगळीच कहाणी पुढं आली. एकाच शहराच्या पोलिसांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन कहाण्या. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत हे शाळेतल्या पोराला कळेल. तेव्हा शहर हादरायला हवं होतं, नाही हादरलं, कारण आपल्या डोक्यात केस सुटलेली होती. पुढे २०१५ ला स्पेशल कोर्टाने १२ जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी. आणि मग हायकोर्टात तेच पुरावे तपासले गेले तेव्हा कबुलीजबाब टिकले नाहीत, साक्षीदारांनी शंभरहून जास्त दिवसांनी केलेली ओळख टिकली नाही, एवढंच काय, बाँब नेमके कसल्या प्रकारचे होते हेही सरकारी पक्षाला नीट सिद्ध करता आलं नाही. बारांपैकी एक जण तर निकालाच्या आधीच २०२१ मध्ये नागपूरच्या जेलमध्ये कोविडने गेला होता.

त्याच २००६ मध्ये ८ सप्टेंबरला मालेगावात स्फोट झाले, नऊ जणांना पकडलं, आणि २०१६ ला कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं. दहा वर्षं. इथे मी कुणाच्या धर्माची बाजू घेत नाहीये, घेतली तर मेलेल्यांची घेतेय, कारण ज्याचा माणूस गेला त्याला नाव हवं असतं, खरं नाव, आणि घाईने दिलेलं चुकीचं नाव म्हणजे त्याच्या हातात काहीच न देणं, वर पुन्हा त्याला सांगणं की तुझा प्रश्न संपला.

आता २६/११ कडे येते, कारण तिथे हाच प्रकार दुसऱ्या रूपात झाला. १६६ माणसं गेली, दहा जण कराचीहून समुद्रातून आले, ‘कुबेर’ नावाची मच्छीमारी बोट पळवली, कफ परेडच्या मच्छीमार नगरला रबरी बोटीतून उतरले. आणि या हल्ल्यानंतर सामान्य माणसाच्या आयुष्यात नेमकं काय बदललं? स्टेशनवर मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या, मॉलच्या गेटवर डिकी उघडायला लावणारा गार्ड आला, थिएटरमध्ये बॅग चेक, सोसायटीच्या गेटवर नाव-नंबर लिहायचं रजिस्टर. मुंबईच्या लोकलमधून रोज सत्तर लाखांच्या आसपास लोक जातात, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, किल्ल्या, बॅगेत स्टीलचा डबा, ती चौकट प्रत्येकासाठी वाजते आणि कुणालाच थांबवत नाही, थांबवूच शकत नाही, थांबवलं तर पाच मिनिटांत पुलावर चेंगराचेंगरी होईल. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७ मध्ये काय झालं ते आठवत असेलच, गर्दीत नुसती चेंगरून २३ माणसं गेली, कुणी बंदूक घेऊन आलं नव्हतं. आणि सीएसटीवर जे दोघं आले ते एके-४७ घेऊन आले, त्यांनी हॉलमध्ये उभं राहून गोळ्या चालवल्या. चौकट वाजली असती तर काय झालं असतं?

मग खरं चुकलं कुठे होतं? समुद्राकडून आणि मोठ्या हॉटेलांवर हल्ला होऊ शकतो असे इशारे आधी आलेले होते. सीएसटीवरच्या शिपायांकडे जुन्या .३०३ रायफली नाहीतर नुसती काठी होती. नॅशनल सिक्युरिटी गार्डचे (एनएसजी) कमांडो दिल्लीजवळ मानेसरला, तिथून विमान, मग बस, ते पोचले तोवर सकाळ उजाडली होती. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने हे सगळं तपासलं, आणि त्यातून दिसलं ते असं की अशा वेळी कुणी काय करायचं याच्या सूचना कागदावर लिहिलेल्या होत्या पण त्या पाळल्या गेल्या नाहीत, पोलिसांना गोळीबाराचा पुरेसा सराव नव्हता, दारूगोळ्याची टंचाई होती. यातली एकही गोष्ट गेटवरून दिसत नाही. गोळीबाराचा सराव झाला की नाही हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कसं दिसणार? चौकट दिसते, गार्डची काठी दिसते, काळ्या काचांची गाडी दिसते, म्हणून तेच आधी आलं. काही खरी कामंही झाली हे मान्य करायला हवं, एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं, राज्याचं फोर्स वन हे कमांडो पथक तयार झालं, कोळ्यांना ओळखपत्रं मिळाली. पण शहरभर सीसीटीव्ही बसवायचं काम २०१६ उजाडेपर्यंत पूर्ण झालं नाही, मधल्या काळात १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरला परत स्फोट झाले, २० च्या वर माणसं गेली. किनाऱ्यावरच्या गस्ती बोटी इंधन आणि दुरुस्तीवाचून बांधून पडल्याच्या बातम्या तर अधूनमधून येतच राहिल्या आणि आतल्या पानावर छापून येत राहिल्या.

३ डिसेंबर २००८ ला गेटवेसमोर प्रचंड गर्दी जमली होती, मेणबत्त्या घेऊन, आणि तो राग खरा होता, मला त्याबद्दल आदरच आहे. त्या रागाला मिळालं काय? राजीनामे. मुख्यमंत्री गेले, गृहमंत्री गेले. आणि एका वर्षाच्या आत विलासराव केंद्रात मंत्री झाले, आर. आर. पाटील परत राज्याचे गृहमंत्री झाले. त्यांच्याबद्दल व्यक्ती म्हणून मला काही म्हणायचं नाही, आबांबद्दल तर अनेकांना आजही माया आहे. सांगायचंय ते हे की राजीनामा मिळाल्यावर गर्दी घरी गेली आणि पोलिसांच्या सरावाचं बजेट किती वाढलं हे विचारायला त्यातलं कुणी परत आलं नाही.

त्या रात्री माणसं वाचली ती कशामुळे, हेही कधीतरी नीट बघायला हवं. सीएसटीचे अनाउन्सर विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून माईकवर सांगत राहिले की मागच्या बाजूने बाहेर पडा, पुढे येऊ नका, त्यांना स्टेशन पाठ होतं, कुठून बाहेर पडता येतं हे माहीत होतं. कामा हॉस्पिटलमध्ये नर्स अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना एका छोट्या खोलीत नेऊन दिवे बंद केले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या पण सोडली नाही. ओंबळ्यांचा पुतळा आपण उभा केला, फार चांगलं केलं, पण त्यांच्या हातात फक्त काठी का होती हा प्रश्न पुतळ्याखाली कुठेही लिहिलेला नाही. झेंडे आणि कुलथे यांनी जे केलं ते प्रत्येक स्टेशनच्या, प्रत्येक हॉस्पिटलच्या स्टाफला शिकवता येतं, दर सहा महिन्यांनी अर्धा दिवस ड्रिल घ्या, बस. तुमच्या जवळच्या हॉस्पिटलच्या रात्रपाळीच्या नर्सला विचारा असं शेवटचं ड्रिल कधी झालं होतं.

आणि ओंबळ्यांनी कसाब जिवंत पकडला म्हणून पुढचं सगळं घडलं. तेव्हाचं वातावरण आठवतं का? याला पोसता कशाला, चौकात गोळी घाला. वकिलांच्या संघटनांनी ठराव केले की याची केस कुणी घेऊ नये. कसाब जेलमध्ये बिर्याणी मागतो ही बातमी घराघरात पोचली, त्यावर लोक अक्षरशः पेटले, आणि २०१५ मध्ये खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती, त्याच्याबद्दल सहानुभूतीची हवा तयार होतेय असं वाटल्यामुळे ते आपणच रचून सांगितलं होतं. एका सरकारी वकिलाने कोर्टाबाहेर असं करावं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पण खटला बघा. ऑर्थर रोड जेलमध्येच कोर्ट, न्यायाधीश ताहिलियानी, सहाशेहून जास्त साक्षीदार, आरोपीला वकील, मे २०१० मध्ये फाशी, मग हायकोर्ट, मग ऑगस्ट २०१२ मध्ये सुप्रीम कोर्ट, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. गुन्ह्यापासून चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत. त्याच कोर्टाने त्याच खटल्यातल्या दोन भारतीय आरोपींना पुरावा नाही म्हणून सोडलं आणि ते वरपर्यंत टिकलं. तो जिवंत सापडला म्हणूनच हे कुठून आले, कुणी पाठवले, कुणी शिकवले याचा पुरावा जगासमोर ठेवता आला. चौपाटीवरच मेला असता तर पाकिस्तानने तो आमचा नव्हेच म्हणून हात झटकले असते, आणि आपल्याकडे काय होतं त्यांना दाखवायला?

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की कोर्टात वीस वर्षं लागतात, एन्काउंटरशिवाय इलाज नाही, तेव्हा मला हीच केस आठवते. हा मुद्दा मी उडवून लावत नाहीये, ज्या बापाची मुलगी गेली त्याला तारखांची वाट बघायला सांगायची हिंमत माझ्यात नाही. पण वीस वर्षं का लागतात? जज कमी, सरकारी वकील कमी, फॉरेन्सिक लॅबमध्ये नमुने पडून, साक्षीदार बदली होऊन चौथ्या जिल्ह्यात. जिथे सरकारने ठरवलं तिथे चार वर्षांत झालं. म्हणजे होऊ शकतं. आणि प्रत्येक एन्काउंटरनंतर ते करायचं कारण सरकारकडे उरत नाही, कारण लोक खूश झालेले असतात.

हैदराबादचं बघा. २७ नोव्हेंबर २०१९ ला शमशाबादच्या टोल नाक्याजवळ एका तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिला जाळलं. ६ डिसेंबरला चारही आरोपी पोलिसांच्या गोळीने मेले आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, महाराष्ट्रातही पेढे वाटल्याच्या पोस्ट फिरत होत्या. पुढे सुप्रीम कोर्टाने आयोग नेमला, अध्यक्ष आपले नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. २०२२ मध्ये आयोगाने सांगितलं की पोलिसांची कहाणी विश्वास ठेवण्यासारखी नाही, जीव घ्यायच्या हेतूनेच गोळ्या चालवल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघं तेव्हा अल्पवयीन होते. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा अशी शिफारस केली. पण मला त्या प्रकरणातली वेगळीच गोष्ट टोचते. ती मुलगी घरी आली नाही म्हणून घरचे रात्री पोलिसांकडे गेले तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की ही आमची हद्द नाही. याबद्दल नंतर तीन पोलीस सस्पेंड झाले, ही छोटी बातमी होती, फुलांची मोठी होती. त्या रात्री पहिल्याच स्टेशनने गाडी बाहेर काढली असती तर काय झालं असतं ते कुणी सांगू शकत नाही. पण पुढच्या मुलीसाठी दुरुस्त करायची गोष्ट तीच होती, हद्द.

आणि आपण काय केलं? आंध्रने दिशा कायदा आणला, त्यावरून महाराष्ट्राने शक्ती विधेयक आणलं, फाशी, पटापट तपास, पटापट निकाल, डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एकमताने पास केलं, टाळ्या झाल्या. राष्ट्रपतींची मंजुरी दोघांनाही मिळाली नाही. किती जणांना आजही वाटतं की राज्यात शक्ती कायदा आहे?

मग बदलापूर. ऑगस्ट २०२४, शाळेत चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार, आणि आई-बापांना एफआयआरसाठी जवळजवळ बारा तास पोलीस स्टेशनात बसवून ठेवलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद, आणि माझ्या मते त्यांनी उतरायलाच हवं होतं, त्याशिवाय कुणी हललं नसतं. सरकारचेच मंत्री म्हणाले की शाळेच्या सीसीटीव्हीचं १५ दिवसांचं फुटेज गायब आहे. कॅमेरा होता बरं का. कॅमेरा बसवला की आपण सुरक्षित, असं पालकांना प्रत्येक शाळा अॅडमिशनच्या वेळी सांगते. २३ सप्टेंबरला तळोजा जेलमधून नेताना आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला, ‘बदला पुरा’ असे बॅनर लागले. तेव्हा शाळेचे दोन पदाधिकारी, ज्यांनी कळूनही पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता, ते पोलिसांना सापडलेले नव्हते, ते ऑक्टोबरमध्ये सापडले. जानेवारी २०२५ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. आता तो खटला कधीच उभा राहणार नाही. शाळेत कुणाला काय माहीत होतं, फुटेज कुठे गेलं, हे सगळं त्या खटल्यातल्या साक्षी-उलटतपासणीत बाहेर येऊ शकलं असतं. आई-बापांना उत्तर मिळायला हवं होतं. बॅनर मिळाला.

मुलींच्या बाबतीत तर ही खोटी सुरक्षितता अजून जास्त महागात पडते, कारण भीती बोट दाखवते एकीकडे आणि धोका असतो दुसरीकडे. अशी एखादी घटना झाली की घराघरात मुलींची येण्याची वेळ अर्ध्या तासाने कमी होते, क्लास बंद, ट्रिप बंद, लेट शिफ्टची नोकरी नको. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतायत की बलात्काराच्या नोंदलेल्या केसेसमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो, शेजारी, नातेवाईक, मित्र, घरातला. जिथे आपण मुलीला लवकर परत बोलावतो तिथेच बऱ्याचदा तो बसलेला असतो. मुंबईतल्या बंद पडलेल्या शक्ती मिलमधली केस आठवा, २२ ऑगस्ट २०१३, फोटो जर्नालिस्ट मुलगी. तिने तक्रार केली, बातमी आली, आणि मग अजून एक मुलगी पुढे आली की माझ्यावर ३१ जुलैला तिथेच असाच अत्याचार झाला होता. तीन आठवडे आधी. ती तेव्हा गप्प राहिली यात तिचा काडीचाही दोष नाही, पोलीस स्टेशनात आपलं काय होईल आणि घरी काय होईल हे आपल्या समाजातली प्रत्येक मुलगी ओळखून असते. पण विचार करा, ३१ जुलैच्या रात्री तिला निर्धास्तपणे जाता येईल असं एक स्टेशन असतं तर. पुढे फाशी झाली, ती २०२१ मध्ये हायकोर्टाने जन्मठेपेवर आणली, त्यावर खूप चर्चा झाली. त्या पहिल्या तीन आठवड्यांवर काही झाल्याचं मला आठवत नाही.

भीतीला वाट दिली नाही की ती स्वतःच हिंसा होते, हे तर आपण आपल्याच राज्यात पाहिलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर फिरत होते, जुने-पुराणे, कुठल्या कुठल्या देशातले व्हिडिओ. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊन, पालघरचं गडचिंचले, चोर आणि मुलं पळवणारे येतायत अशा अफवांमुळे गावोगाव रात्रीची गस्त चालू होती, आणि दोन साधू व त्यांचा ड्रायव्हर जमावाने मारले, पोलीस समोर असताना. गस्त घालणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण गाव वाचवतोय. हे मेसेज पाठवणाऱ्यांत तुमच्या-माझ्या ओळखीचे, चांगले, मुलाबाळांवर माया करणारे लोक असतात. ‘खरं असो नसो, सावध राहिलेलं बरं’ म्हणून ते फॉरवर्ड करतात. राईनपाड्याच्या त्या पाच जणांना विचारा सावध राहिलेलं किती बरं असतं.

मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही, आरोपी शोधायला ते उपयोगी पडतात, पडतायत. गार्डच्याही विरोधात नाही, बिचारा बारा बारा तास उभा असतो. माझं म्हणणं एवढंच की हादरा बसल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे फार मोलाचे असतात, तेव्हा सरकार ऐकतं, नंतर ऐकत नाही, आणि तेवढ्या दिवसांत आपण काय मागतो यावर पुढची दहा वर्षं ठरतात. आपण दिसणारी गोष्ट मागितली तर ती मिळते, भीती ओसरते, आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी मग जोरच राहत नाही.

त्याच सप्टेंबर २००६ मध्ये, लोकल स्फोटांची केस सुटल्याचं जाहीर झालं त्याच्या आठवडाभर आधी, २२ तारखेला, सुप्रीम कोर्टाने निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंग यांच्या याचिकेवर पोलीस सुधारणांचे सात आदेश दिले. त्यातला एक म्हणजे तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा. सोपी गोष्ट आहे. आज जो इन्स्पेक्टर खुनाचा तपास करतो तोच उद्या गणपतीच्या मिरवणुकीत उभा असतो आणि परवा मंत्र्यांच्या दौऱ्यावर, मग जबाब घाईत, पंचनामा घाईत, आणि कबुलीजबाबावर सगळी मदार. कबुलीवर मदार असली की मारहाण आलीच. इतकी वर्षं झाली, तो आदेश आजही पुरता अमलात आलेला नाही, ना महाराष्ट्रात ना बाकी बहुतेक राज्यांत. यासाठी कुणी रेल रोको केला नाही, मेणबत्त्या लावल्या नाहीत.

आणि लोकांना हे जमत नाही असं अजिबात नाहीये. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने सूचना मागवल्या तर थोड्या दिवसांत सुमारे ८० हजार आल्या, समितीने २९ दिवसांत अहवाल दिला. बलात्काराला फाशी नको असं त्या समितीने सांगितलं होतं, सरकारने तरी काही गुन्ह्यांसाठी ती आणलीच, आणि सगळी चर्चा त्यावरच झाली. पण २०१३ च्या कायद्यात अजून एक कलम आलं, १६६-अ, बायकांवरच्या गंभीर गुन्ह्यांत एफआयआर नोंदवून घेतली नाही तर त्या अधिकाऱ्यालाच कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. नव्या न्याय संहितेत तेच आता कलम १९९ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. बदलापूरच्या त्या आई-बापांना बारा तास बाकावर बसवलं तेव्हा ते लागू होऊन दीड महिना झाला होता. पुढचा मोर्चा निघेल, निघणारच आहे, तेव्हा फाशीच्या बोर्डांमध्ये एक बोर्ड १९९ चा असू दे, आणि एक, तपासाची वेगळी टीम आमच्या स्टेशनला कोणत्या तारखेपासून देताय, हे विचारणारा.